फेरो बेटांवरचा बोटीचा दिवस शेवटी ठेवू नये
नॉर्वे आणि आइसलँड यांच्या दरम्यान असलेल्या फेरोच्या १८ बेटांवर भटकंतीचा बेत आखताना पफिन पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले मिकिनेस बेट मुक्कामाच्या पहिल्या एकदोन दिवसांतच ठेवावे, कारण वारा आणि लाटा वाढल्या की तिकडे जाणारी बोट सरळ रद्द होते आणि हाताशी दिवस शिल्लक असला तरच पुन्हा जाता येते. वागर बेटावरच्या एकमेव विमानतळावर धुक्यामुळे विमाने अडकतात, तेव्हा परतीच्या प्रवासातही थोडी सवड असावी. फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्याचा भाग असली तरी डेन्मार्कचा शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) इथे आपोआप चालत नाही. तो फेरोसाठी वैध असल्याची नोंद त्यावर हवी, आणि नेमके हेच अनेकांच्या नजरेतून सुटते. बूट पाणी न शिरणारे घ्यावेत, ओल्या गवताच्या उतारावर पाय सहज घसरतो.