ओएस अपडेटनंतर ॲपचं नेटवर्क बंद पडलं? या चुका टाळा

नवं अँड्रॉइड किंवा आयओएस फोनांवर पोचलं की तक्रारींची रांग लागते. लॉगिन होत नाही, फोटो दिसत नाहीत, ऑर्डर अडकून बसते. वापरणाऱ्याच्या फोनवर बाकी सगळं व्यवस्थित सुरू असतं, फक्त आपलंच ॲप हटून बसतं. वरून फोन यायला लागतात आणि घाईघाईत एकच उपाय केला जातो: जी सुरक्षा आड येते, ती बंद करून टाकायची. ॲप चालू होतं खरं, पण त्यातून जाणारे पासवर्ड, पत्ते आणि पैशांचे व्यवहार उघड्यावर पडतात. ओएसने नकार दिला तर तो कशासाठी दिला, हे आधी वाचा. अशा जवळपास प्रत्येक नकाराला नेमकी, मोजक्या ओळींची दुरुस्ती असते.

नक्की काय बदललं, हे न पाहताच कोडला हात लावणं

अँड्रॉइडचे बदल दोन प्रकारचे असतात. काही त्या आवृत्तीच्या फोनवर चालणाऱ्या प्रत्येक ॲपला लागू होतात, तर काही फक्त टार्गेट एसडीके, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या ज्या आवृत्तीसाठी बनवलं तिचा आकडा, वाढवलेल्या ॲपला. गूगलच्या कागदपत्रांत या दोन्हींची पानं वेगळी असतात. प्ले स्टोअरच्या नियमामुळे ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि अपडेटना अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५, टार्गेट करावं लागतं. त्यामुळे बऱ्याच टीमच्या बाबतीत फोन बदललेलाच नसतो, बदललेला असतो त्यांचाच बिल्ड, म्हणजे ॲपची तयार केलेली प्रत.

म्हणून जुना बिल्ड आणि नवा बिल्ड, जुन्या ओएसच्या आणि नव्या ओएसच्या फोनवर चालवून बघा. जुना बिल्ड नव्या फोनवर पडत असेल तर पहिलं पान उघडा. एकाच फोनवर जुना चालतो आणि नवा पडतो, तर दुसरं. त्याच वेळी एखादी लायब्ररी (बाहेरून घेतलेला तयार कोड) बदललेली नाही, एवढी खात्री मात्र करून घ्या. अर्ध्या तासाच्या या चाचणीने दोन दिवसांची चाचपड वाचते.

प्रत्येक एररला 'इंटरनेट तपासा' म्हणणं

नेटवर्कची कुठलीही चूक एकाच कॅचमध्ये, म्हणजे एरर झेलणाऱ्या कोडमध्ये, पकडून 'कृपया इंटरनेट तपासा' असा संदेश दाखवणारी ॲप्स पुष्कळ आहेत. वापरणारा बिचारा राउटर बंद-चालू करत राहतो आणि आपल्या लॉगमध्येही (ॲपच्या नोंदींत) काही उरत नाही. मला ही सगळ्यात महागडी चूक वाटते, कारण बाकीच्या सगळ्या चुका तिच्याआड लपतात.

आयफोनवर आकडाच बरंच काही सांगतो. -१००९ म्हणजे खरोखर इंटरनेट नाही, -१००३ म्हणजे सर्व्हरचं नाव सापडलं नाही, -१००१ म्हणजे वेळ संपली. -१०२२ आला तर ॲप ट्रान्सपोर्ट सिक्युरिटी या आयओएसच्या सुरक्षा नियमाने साधं, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येणारं, एचटीटीपी अडवलं आहे. -१२०० म्हणजे सुरक्षित जोडणीच होऊ शकली नाही, आणि -१२०२ म्हणजे सर्टिफिकेटवर विश्वास बसला नाही. अँड्रॉइडवर एसएसएल हँडशेक एक्सेप्शन (सुरक्षित जोडणी जुळली नाही), अननोन होस्ट एक्सेप्शन (सर्व्हरचं नाव सापडलं नाही) आणि सॉकेट टाइमआउट एक्सेप्शन (वेळ संपली) ही तीन वेगळी दुखणी आहेत, त्यांची नोंद वेगळी ठेवा. एक्सेप्शनचं मूळ कारण लॉगच्या तळाशी असतं, तिथपर्यंत वाचा.

एचटीटीपी सरसकट मोकळं करणं

ॲपलने २०१५ मध्ये आयओएस ९ पासून आणि गूगलने २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ टार्गेट करणाऱ्या ॲपसाठी साधं एचटीटीपी मुळातच बंद केलं. तरीही मॅनिफेस्टमध्ये (अँड्रॉइड ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) क्लिअरटेक्स्टला, म्हणजे साध्या एचटीटीपीला, सरसकट परवानगी देणं किंवा आयओएसमध्ये सगळ्या जोडण्या मोकळ्या सोडणं, हे आजही सर्रास चालतं. खरी दुरुस्ती सर्व्हरवर आहे. एचटीटीपीएससाठी, म्हणजे सुरक्षित एचटीटीपीसाठी, लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही. एखादा बाहेरचा सर्व्हर हातात नसेल, तर नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग या अँड्रॉइडच्या नियमांच्या फाइलमध्ये फक्त त्या एका डोमेनला सूट द्या. आयओएसच्या प्लिस्टमध्येही (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) डोमेनपुरता अपवाद लिहिता येतो.

इथे दोन गोष्टी हमखास चकवतात. ॲपमध्ये नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगची फाइल असेल तर अँड्रॉइड ७ पासून मॅनिफेस्टमधल्या क्लिअरटेक्स्टच्या परवानगीकडे ओएस बघतही नाही. 'परवानगी दिली तरी एरर जात नाही' यामागे अनेकदा हेच असतं. दुसरी गोष्ट, ॲप जिथून माहिती मागतं तो सर्व्हरचा एपीआय एचटीटीपीएसवर गेला तरी डेटाबेसमध्ये साठवलेल्या फोटोंच्या जुन्या लिंक एचटीटीपीच राहतात. मग यादी येते आणि फोटोंच्या जागी कोरे चौकोन दिसतात. त्यावर ॲपमध्ये उपाय शोधू नका, डेटाबेसमधल्या लिंक बदला.

सगळी सर्टिफिकेटं मान्य करणारा कोड

हँडशेक, म्हणजे सुरक्षित जोडणीची सुरुवात, पडला की नेटवर शोधून कुठलंही सर्टिफिकेट चालवून घेणारा ट्रस्ट मॅनेजर (सर्टिफिकेट तपासणारा कोड) चिकटवला जातो. असा कोड असेल तर स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर मध्ये बसलेला कुणीही तुमच्या सर्व्हरच्या नावाने बोलू शकतो. गूगल प्लेही असं ॲप अडवतं. हा कोड तात्पुरता म्हणूनसुद्धा लिहू नये, कारण तो रिलीजमध्ये जातोच.

मूळ दुखणं बहुतेक वेळा साधं असतं: आपलं सर्टिफिकेट आणि फोनला माहीत असलेलं मूळ सर्टिफिकेट यांना जोडणारं मधलं, म्हणजे इंटरमिजिएट, सर्टिफिकेट सर्व्हर पाठवतच नाही. कॉम्प्युटरवरचा ब्राउझर ते स्वतः मिळवतो, म्हणून तिथे सगळं हिरवंगार दिसतं. अँड्रॉइड ॲप ते शोधायला जात नाही. ओपनएसएसएल या साधनाने सर्व्हरच्या सर्टिफिकेटांची पूर्ण साखळी तपासा, काय गहाळ आहे ते लगेच कळतं. आयओएस १३ पासून सर्टिफिकेटवर सर्व्हरचं नाव पर्यायी नावांच्या रकान्यात असावंच लागतं, आरएसए किल्ली निदान २०४८ बिटांची लागते आणि सही शा-२ पद्धतीची. ऑफिसात स्वतः बनवलेली जुनी सर्टिफिकेटं इथेच अडतात.

टेस्टिंगसाठी प्रॉक्सी (ॲप आणि सर्व्हरमधली वाहतूक बघणारं साधन) लावणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते असं: अँड्रॉइड ७ टार्गेट केल्यापासून फोनमध्ये हाताने टाकलेलं सर्टिफिकेट ॲप मानत नाही. ते फक्त डिबग बिल्डपुरतं, म्हणजे चाचणीच्या प्रतीपुरतं, मान्य करण्याची सोय कॉन्फिगमध्येच आहे, तीच वापरा.

एचटीटीपीएसच्या पोटातल्या टीएलएस या सुरक्षा पद्धतीच्या जुन्या आवृत्त्यांचंही तेच. अँड्रॉइड १५ टार्गेट केलेल्या ॲपला टीएलएस १.० आणि १.१ वापरता येत नाही. सर्व्हरवर १.२ किंवा १.३ सुरू करणं हाच उपाय आहे.

बॅकग्राउंडमधली चूक डीएनएसच्या माथी मारणं

इथे भले भले फसतात. अँड्रॉइड १५ टार्गेट केलेल्या ॲपने आपल्या प्रोसेसच्या वैध आयुष्याबाहेर, म्हणजे स्क्रीन गेल्यावर आणि कुठलीही सर्व्हिस चालू नसताना, विनंती पाठवली तर ती फेकली जाते, आणि लॉगमध्ये बहुधा अननोन होस्ट एक्सेप्शन दिसतं. नाव वाचून माणूस डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासतो, होस्टिंगवाल्याला फोन करतो. तिकडे सगळं ठीक असतं. ही एरर फक्त ॲप मागे गेल्यावरच येते का, एवढं आधी पाहा. तसं असेल तर ते काम वर्कमॅनेजर या अँड्रॉइडच्या मागची कामं करणाऱ्या सोयीकडे द्या. डेटा सिंकची फोरग्राउंड सर्व्हिसही (सूचना दाखवत चालू राहणारं काम) अँड्रॉइड १५ टार्गेट केल्यावर २४ तासांत ६ तासच चालते, त्यामुळे दिवसभर सर्व्हिस जिवंत ठेवायचा जुना मार्ग संपला आहे. आयफोनवर मोठे अपलोड बॅकग्राउंड यूआरएल सेशन या सोयीवर सोपवा. ॲप झोपलं तरी सिस्टिम ते पुरं करते.

लोकल नेटवर्कची परवानगी विसरणं

हॉटेलात बिलाचा वायफाय प्रिंटर असतो, दुकानात वजनकाटा असतो. आयओएस १४ पासून अशा शेजारच्या उपकरणाशी बोलायला वापरणाऱ्याची परवानगी लागते. गडबडीत काउंटरवरचा माणूस 'नको' दाबतो आणि मग प्रिंटर बंद असल्यासारखं वाटतं. परवानगी कशासाठी हवी ते प्लिस्टमध्ये साध्या मराठीत लिहा, बाँजूरने (जवळची उपकरणं शोधण्याच्या ॲपलच्या पद्धतीने) शोधत असाल तर सेवांची नावंही तिथे द्या, आणि नकार मिळाल्यावर सेटिंगचा रस्ता दाखवा. सिम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली आयफोनवर) ही परवानगी विचारलीच जात नाही, चाचणी खऱ्या आयफोनवरच करा. अँड्रॉइड १६ मध्ये असंच बंधन ऐच्छिक चाचणीसाठी आलं आहे, तेव्हा अँड्रॉइडच्या टीमनेही आत्ताच सुरू करून पाहावं.

कोडमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहिला असेल तर तोही काढा. जिओचं नेटवर्क मुख्यतः आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवर चालतं, आणि ॲपल १ जून २०१६ पासून फक्त आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर ॲप चाललंच पाहिजे असा आग्रह धरतं.

दुरुस्ती पोचवताना

सर्व्हरवरची दुरुस्ती सगळ्यांना त्याच क्षणी लाभते. ॲपमधली फक्त अपडेट करणाऱ्यांना, आणि जुने बिल्ड लोकांच्या फोनवर महिनोन्‌महिने राहतात. म्हणून दोन्हीकडे उपाय शक्य असेल तिथे सर्व्हर आधी. नवा बिल्ड टप्प्याटप्प्याने सोडा आणि एररच्या नोंदी ओएसच्या आवृत्तीनुसार वेगळ्या करून बघा. 'ॲप अपडेट करा' हा संदेश कुठून येतो तेही तपासा. तो त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवरून, त्याच कोडने येत असेल, तर ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यापर्यंत तो पोचणारच नाही. तो स्टोअरच्या स्वतःच्या अपडेट सोयीवरून किंवा वेगळ्या डोमेनवरून येऊ द्या.