मूल तराजूवर चढण्याआधी आईकडे बघा: पाड्यावरच्या पोषणकामात या चुका टाळा

1992 मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हारचं नाव राज्यभर गेलं. तेव्हापासून इथल्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी पाड्यांवर मुलांची वजनं होत आली आहेत. तरीही ‘मूल सॅममध्ये (तीव्र कुपोषणात) गेलं’ म्हणून धावपळ सुरू होते तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण खरी सुरुवात आईच्या पोटात असताना झालेली असते. आशाताई-अंगणवाडीताईंबरोबर फिरताना पुन्हा पुन्हा दिसलेल्या काही चुका इथे लिहिते.

गोळ्या दिल्या म्हणजे घेतल्या, असं धरून चालणं

एका घरात कुडाच्या भिंतीत लोहाच्या गोळ्यांची पाकिटं खोचलेली दिसली. एकही फोडलेलं नव्हतं. बाईला सातवा महिना, हिमोग्लोबिन 8. गरोदरपणात ते 11 च्या खाली नसावं. रजिस्टरमध्ये मात्र गोळ्यांपुढे बरोबरची खूण होती. शेजारी बसून विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, “ताई, मळमळतं. आणि परसाकडं काळं होतं.” पोटात काहीतरी बिघडलं, असं वाटून तिने गोळ्या बंद केल्या होत्या. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतंच आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा. चहाबरोबर कधीच नको. घरोघरी दिवसभर कोरा चहा चालतो आणि चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणून दोन्हींत किमान तासाभराचं अंतर हवं. लिंबू, आवळा सोबत असला तर उत्तम. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. गरोदरपणात 180 गोळ्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180. ही दुसरी खेप तर बहुतेक सगळेच विसरतात. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या.

जेवणाचं ताट घरी पाठवणं

अमृत आहार योजनेत शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला रोज एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. डबा घरी गेला की चार तोंडांत वाटला जातो. समोर पोरं बघत असताना कुठली आई एकटी जेवेल? म्हणून तिला अंगणवाडीतच बसवून, गप्पा मारत जेवू घाला.

‘कमी खा, बाळ मोठं झालं तर अडेल’ असं सांगणाऱ्या म्हाताऱ्यांवर ओरडू नका. रस्ता नसलेल्या पाड्यावरून डोलीतून नेलेल्या बाया त्यांनी पाहिल्या आहेत. दवाखान्यात पोचायची सोय आधी ठरवून दाखवली की त्या ऐकतात.

गुबगुबीत दिसणारं मूल सोडून देणं

ही चूक जिवावर बेतते. दंडाचा घेर मोजायची पट्टी 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेली की मूल तीव्र कुपोषित, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सूज असलेल्या मुलाचं वजनही बरं भरतं आणि गालही भरलेले दिसतात. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. बोट काढल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला, तर पट्टी काहीही सांगो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पातळ पेजेवर भागवणं

सहा महिने फक्त आईचं दूध, पहिला चीकही. पुढे पेज चमच्यावर टिकेल इतकी घट्ट हवी. तीत डाळ, चमचाभर तेल. नागली (नाचणी) घरची असेल तर फारच चांगलं. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याने पोट भरतं, अंग धरत नाही. जुलाबात खाणं-दूध थांबवू नका. ओआरएस आणि 14 दिवस झिंक.

दिवाळीनंतरचा निरोप

उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. तिथे काम थांबतं. ती निघायच्या आधी माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात द्या, गोळ्या मोजून द्या, भट्टीचं गाव आणि मुकादमाचा फोन लिहून घ्या, तिथल्या अंगणवाडीला कळवा. पावसाच्या तोंडावर ती परत आली की पहिल्याच आठवड्यात मुलाचा दंड मोजा, आईचं रक्त तपासा. पुढे नवं भात येईपर्यंत घरातल्या कणगीत फारसं काही उरलेलं नसतं.