गावाची वाढ आवरणारा नियम कोर्टात टिकवायचा कसा

बिल्डरने गावावर केस टाकली की मीटिंगमध्ये नुसता आरडाओरडा होतो, पण कोर्ट बघतं ते कागद, म्हणून आधी मर्यादा का घातली ते आकड्यांत लिहून काढा, पाणी किती, ड्रेनेज किती झेपतं, शाळेत जागा किती.

अमेरिकेतलं रामापो बघा, न्यूयॉर्क राज्यातलं. तिथे सरसकट बंदी नव्हती, ड्रेनेज, रस्ता, पार्क, फायर स्टेशन यांची सोय जितकी जवळ तितके प्रोजेक्टला पॉइंट्स, आणि सोबत त्या सोयी उभारायचा 18 वर्षांचा प्लॅन. 1972 ला राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो मान्य केला. मला यातला प्लॅनच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गाव "थांबा" म्हणतंय पण कधीपर्यंत तेही सांगतंय.

कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाने वर्षाला साधारण 500 घरांची मर्यादा घातली, त्यात कमी उत्पन्नवाल्यांसाठी 8 ते 12 टक्के वाटा ठेवला. खालच्या कोर्टात हरले पण 1975 ला अपिलात जिंकले, त्यामुळे पहिल्या निकालावर हातपाय गाळू नका. स्वस्त घरांचा वाटा मात्र ठेवाच, न्यू जर्सीत माउंट लॉरेलने गरिबांना जागाच ठेवली नाही आणि त्याच वर्षी हरलं.

आणि हो, जुन्या निकालांवर विसंबून राहू नका, राज्याचा आजचा कायदा वकिलाकडून तपासून घ्या. कॅलिफोर्नियाने 2019 च्या कायद्याने बऱ्याच शहरांना अशा नव्या मर्यादा घालायला मनाई केलीये.