खाडीकाठी गाळ टाकून तिवरं लावताय? या चुका टाळा

बंदरातून उपसलेला गाळ खोल समुद्रात फेकण्यापेक्षा धूप झालेल्या खाडीकाठी वापरावा आणि त्यावर तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनातली झाडं, लावावीत, हे मला मनापासून पटतं. पण ही कामं वारंवार बिघडतात ती एकाच कारणाने: भरावाची उंची.

मुंबईत मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी चढणाऱ्या भरतीला, बरीच खाली थांबते. तिवराचं जगणं या फरकावर ठरतं. ठाणे खाडीलगत एका कामावर कंत्राटदाराने "गाळ नंतर बसेलच" म्हणत भराव चढवला. कोळीवाड्यातले एक काका तिथेच म्हणाले, "ताई, भांगाचं पाणी इथवर चढणार नाही." पण रोपं आली होती, बिल काढायचं होतं. मे महिन्यात वर मिठाचा पांढरा थर आला, भेगा पडल्या, रोपं उभ्या उभ्या वाळली. शेवटी तोच गाळ यंत्राने खरवडावा लागला. शिवाय खाडीचा काळा गाळ असा कोरडा पडला की त्यातलं लोह-सल्फाइड हवेत आम्ल होतं. भराव फार खाली ठेवला तर उलटा त्रास, रोपं तासन्‌तास बुडून राहतात.

मी आधी शेजारच्या निरोगी तिवरांच्या बुंध्यापाशी जाते आणि गवंड्याची लेव्हल ट्यूब लावून तीच उंची बांबूंवर रंगवून घेते. मग गाळ टाकून किमान एक पावसाळा थांबते. ही चिकणमाती पाणी सोडत महिनोन्‌महिने बसते. पहिल्या आठवड्याची उंची खरी धरू नका. पर्यावरणदिनाचा फोटो हवा म्हणून जूनमध्ये ओल्या गाळात रोपं खुपसणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. उंची जमली आणि जवळ जुनी झाडं असली, तर पावसाळ्यात भरतीबरोबर बिया आपसूक येतात.

पाण्याच्या नाळी बुजवू नका. आतलं पाणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बाहेर पडलं नाही तर मुळं कुजतात.

उभ्या तिवरांवर गाळ टाकू नका, श्वासमुळं गाडली की झाड मरतं.

जड धातू आणि तेलाची तपासणी उपसण्याआधी करा, टाकल्यावर नव्हे.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) जिथे खाद्य टिपतात त्या उघड्या चिखलपट्ट्या भरू नका. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

आणि सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची, परवानगी आधी घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत राडारोडा टाकायलाही मनाई आहे, त्यामुळे गाळाच्या गाडीत विटांचे तुकडे दिसले तर ती तिथूनच परत पाठवा.