आयएल-१ बीटाच्या स्रावाचे प्रयोग : या चुका टाळा

बडोद्यात मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींवर प्रकल्प करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांत एक निष्कर्ष वारंवार वाचायला मिळतो : एलायझात (प्रतिद्रव्यांनी प्रथिन मोजण्याच्या चाचणीत) आयएल-१ बीटा हे दाह वाढवणारे प्रथिन आढळले, म्हणजे पेशींनी ते स्रवले. हा निष्कर्ष घाईचा आहे.

मूळ चूक म्हणजे या प्रथिनाला टीएनएफ या दुसऱ्या दाहकारी प्रथिनाच्या पंक्तीत बसवणे. टीएनएफ आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी या पेशीतील प्रथिने वाहून नेणाऱ्या अंगकांच्या वाटेने पेशीपटलापर्यंत येते. आयएल-१ बीटाला त्या वाटेवर नेणारा संकेत-पेप्टाइडच (पत्त्यासारखा छोटा तुकडा) नसतो, त्यामुळे ती वाट बंद करणारे ब्रेफेल्डिन-ए घालून त्याचा स्राव अडवता येत नाही. एलपीएस या जिवाणूंच्या आवरणातील घटकामुळे (पहिला संकेत) पेशीत ३१ किलोडाल्टनचे पूर्वरूप तयार होते. पुढे एटीपी किंवा नायजेरिसिन हे रसायन (दुसरा संकेत) दिल्यावर पोटॅशियम बाहेर पडते, एनएलआरपी३ इन्फ्लमासोम हा प्रथिनसमूह जुळतो, कॅस्पेज-१ हे विकर (एन्झाइम) पूर्वरूपातून १७ किलोडाल्टनचे सक्रिय प्रथिन वेगळे करते आणि ते गॅसडर्मिन-डी या प्रथिनाने पेशीपटलात पाडलेल्या छिद्रांतून बाहेर येते. उंदराच्या मॅक्रोफेजना सहसा हे दोन्ही संकेत लागतात. मानवी मोनोसाइट (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मात्र नुसत्या एलपीएसवरही आयएल-१ बीटा सोडतात, म्हणून दोहोंचे आकडे एकाच मापाने तोलू नयेत.

दुसरा संकेत देऊनही हाती काही लागले नाही, तर आधी एटीपीचे द्रावण तपासावे. त्याचे डायसोडियम लवण पाण्यात आम्लधर्मी असते आणि ५ मिलिमोलर मात्रा घालताच पेशींच्या संवर्धन-माध्यमाचा तांबूस रंग पिवळट झाला, तर पेशींना एटीपीबरोबर आम्लही मिळाले असे समजावे. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ च्या आसपास आणून द्रावण थोडे थोडे वेगळे गोठवावे. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा गोळा केलेले माध्यम एका इमारतीतून दुसरीकडे बर्फाशिवाय मुळीच नेऊ नये.

आकडा अवाच्या सवा आला, तर एलडीएच हे पेशीच्या आतले विकर मोजल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. सुमारे १४० किलोडाल्टनचे हे विकर गॅसडर्मिनच्या छिद्रांतून सहजी निघत नाही. ते बाहेर पडते पेशीपटल फाटल्यावर, आणि ही फाटण्याची क्रिया निंज१ हे प्रथिन घडवते, हे २०२१ मध्ये दाखवले गेले. पटल फाटले की पूर्वरूपही माध्यमात उतरते, आणि एलायझाची कित्येक प्रतिद्रव्ये त्यालाही धरतात. त्यासाठी प्रथिने आकारानुसार वेगळी दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर १७ किलोडाल्टनची पट्टी पाहावीच. मात्र अखेरच्या टप्प्यात माध्यम सीरमविरहित ठेवावे, नाहीतर सीरममधले अल्ब्युमिन ब्लॉट बिघडवते. शिवाय एका संचात ५ मिलिमोलर ग्लायसिन घालावे : त्यामुळे पेशी फुटणे थांबते, छिद्रांवाटे होणारा स्राव मात्र चालू राहतो.