लॅब्राडॉरच्या मादीसाठी नर कसा ठरवावा

आमची शेवंती पिवळी लॅब्राडॉर. फेब्रुवारी 2019 मध्ये ती माजावर आली आणि मग मी नर शोधायला निघाले. पहिली चूक तिथेच झाली. रक्त दिसायला लागल्यावर हाताशी जेमतेम दोन-अडीच आठवडे उरतात. तेवढ्यात ओळखीच्या ओळखीतून इंदुरातलाच एक नर मिळाला. मालकांनी पेडिग्रीची, म्हणजे वंशावळीच्या कागदाची, झेरॉक्स दाखवली आणि म्हणाले, "अकराव्या आणि तेराव्या दिवशी घेऊन या, बाकी आमच्यावर सोडा." मी सोडलं. दोन्ही दिवशी मेटिंग झालं, पैसे दिले, आणि महिन्याने सोनोग्राफीत पोट रिकामं निघालं. पुढच्या माजाला पुन्हा मेटिंग द्याल का, असं विचारलं तर उत्तर आलं, "तसं कुठे ठरलं होतं?" ठरलं काहीच नव्हतं हे खरं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासणं हे माझं 20 वर्षांचं काम, तरी माझ्याच कुत्रीचं रक्त तपासायचं मला सुचलं नाही, याची खंत आजही आहे.

पुढचा माज ऑक्टोबरमध्ये आला. मधले आठ महिने मी नुसती तयारी करत होते. ती कशी केली ते सविस्तर सांगते, कारण रामबागेतल्या आमच्या घरी येऊन "ताई, आमच्या मादीसाठी एखादा नर सांगा ना" म्हणणारे बहुतेक जण मादी माजावर आल्यावरच येतात.

नराआधी मादी

2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय तिची पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच, आणि आठ वर्षांनंतर बंद. पिल्लं विकायची असतील तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मी स्वतः दोन वर्षांच्या आधी मादी देणार नाही. लॅब्राडॉरच्या खुब्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, त्याच सुमाराला एक्स-रेवर नीट कळतो. शेवंतीची प्लेट काढायला आम्ही महूच्या व्हेटरनरी कॉलेजात गेलो. प्लेट चांगली यायची तर कुत्र्याला भूल देऊन उताणं झोपवावं लागतं, मागचे पाय सरळ ताणून थोडे आत वळवावे लागतात. जागेपणी, कुशीवर घेतलेल्या प्लेटवरून "हिप छान आहेत" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. ग्रेड ए ते ई असते. ए किंवा बी असेल तरच पुढे जा.

मग आपल्या मादीकडे परक्याच्या नजरेने बघा. हे फार जड जातं. शेवंतीचे मागचे पाय जरा सरळ आहेत, डोकं अरुंद आहे, आणि फटाक्यांना ती इतकी भिते की दिवाळीत पलंगाखालून बाहेर येत नाही. हे तिन्ही दोष मी वहीत लिहिले. नर शोधायचा तो या तीन गोष्टींत भक्कम असलेला. दोन्हीकडे तोच दोष असेल तर तो नर कितीही देखणा असो, आपल्या कामाचा नाही.

कागद आणि रक्ताचं नातं

पेडिग्री मूळ बघा, झेरॉक्स नको. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या सर्टिफिकेटवर मायक्रोचिपचा 15 आकडी नंबर असेल तर डॉक्टरांच्या स्कॅनरने नराच्या मानेवरचा नंबर समोर वाचून घ्या आणि आकडा-आकडा ताडून बघा. एका कुत्र्याचे कागद दुसऱ्याच्या गळ्यात अडकवणं अवघड नसतं. मालक प्रामाणिक असेल तर तो स्कॅनरला हरकत घेणार नाही.

मग दोन्ही पेडिग्री शेजारी ठेवून नावं जुळतात का ते बघा. भोपाळचा एक फार सुंदर नर मी याच कारणाने सोडला. त्याचे आणि शेवंतीचे वडील एकच. सावत्र भावंडांच्या मेटिंगमध्ये पिल्लांचा इनब्रीडिंगचा आकडा किमान 12.5 टक्के येतो, चुलत-मावस भावंडांत 6.25. आकडा जितका मोठा, तितकी दोन्हीकडून तोच दोष पिल्लात एकत्र येण्याची शक्यता जास्त.

लॅब्राडॉरमध्ये डोळ्यांचा पीआरए नावाचा आजार असतो, पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रा आंधळा होतो. धावल्यावर मागचे पाय लटपटून कोसळण्याचा ईआयसीही असतो. दोन्ही सुप्त जनुकांचे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो. डीएनए तपासणीत कुत्रा 'क्लिअर', 'कॅरिअर' किंवा 'अफेक्टेड' असं येतं. शेवंती पीआरएची कॅरिअर निघाली. मला वाईट वाटलं, पण कॅरिअर मादी टाकाऊ नसते. तिला क्लिअर नर द्यायचा, एकही पिल्लू या आजाराने आंधळं होणार नाही. कॅरिअरला कॅरिअर दिला तर मात्र सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी. माझी यादी या एका अटीने सातावरून तीनावर आली.

रंगाबद्दल थोडक्यात: पिवळ्याला पिवळा दिला तर सगळी पिवळीच. काळ्या नरातून पिवळी पिल्लं हवी असतील तर त्याच्यात पिवळ्याचं जनुक लपलेलं असावं लागतं, तेही डीएनएत कळतं. रंगासाठी तब्येतीत तडजोड करू नका.

नर त्याच्या घरी जाऊन बघा

शेवटी ठरला तो देवासचा काळा नर. मालक सत्तरीचे, मी त्यांना काका म्हणते. पहिल्यांदा गेले तेव्हा शेवंतीला घरीच ठेवलं. अंगणात बसून चहा घेत होतो, तेवढ्यात शेजारच्या बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटा धाडकन खाली पडल्या. मी दचकले, कपातला चहा साडीवर सांडला. कुत्रा उठला, फाटकापर्यंत गेला, आवाजाच्या दिशेने क्षणभर बघितलं, परत आला आणि हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवून बसला. मला जे बघायचं होतं ते मिळालं. पट्टा धरून उभा केलेला कुत्रा स्वभाव दाखवत नाही. तास-दोन तास त्याच्या घरी बसा, लहान मुलं आली तर कसा वागतो, जेवणाच्या भांड्याजवळ हात नेला तर काय करतो, ते बघा.

अंडकोष दोन्ही खाली उतरलेले आहेत ना ते हाताने तपासा. एकच असेल तर तो नर घ्यायचा नाही, दोष पुढे जातो. दातांची पकड कात्रीसारखी हवी, वरचे दात खालच्या दातांना लागून पुढे.

दोन संसर्ग विसरू नका. पहिला ब्रुसेला कॅनिस. वरून काही दिसत नाही, पण मादीचा गर्भ शेवटच्या दिवसांत पडतो. लस नाही, उपचार भरवशाचे नाहीत, आणि माणसालाही होतो. रक्ताची चाचणी प्रत्येक मेटिंगआधी, नराची आणि मादीचीही. रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करा, तोवर मेटिंग थांबवा. दुसरा टीव्हीटी, म्हणजे मेटिंगमधून पसरणारी गाठ. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांत ती भरपूर आहे. नराच्या लिंगावर फुलकोबीसारखी लालसर, रक्ताळलेली वाढ दिसते. डॉक्टरांना कातडी मागे सारून बघायला सांगा. संकोच करू नका.

नराचं वीर्यही तपासून घ्या, निदान 70 टक्के शुक्राणू सरळ पुढे धावणारे हवेत. मागच्या दोन महिन्यांत ताप आला होता का, हेही विचारा. शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे पावसाळ्यातल्या टिक फीवरचा, म्हणजे गोचिडांमुळे येणाऱ्या तापाचा, परिणाम दसऱ्यापर्यंत राहू शकतो.

साधा कागद, दोन सह्या

काका म्हणाले, "ताई, आपल्यात कागद कशाला?" मी म्हटलं, "काका, आपण दोघं विसरलो तर कागद आठवण देईल." फुलस्केपच्या एका पानावर आम्ही लिहिलं: फी पैशात नाही, पिल्लात, पहिली निवड माझी, दुसरी त्यांची, सातव्या आठवड्यात. एकच पिल्लू जगलं तर ते माझ्याकडे राहील आणि मी एका पिल्लाच्या किमतीइतके पैसे देईन. मादी रिकामी राहिली तर पुढच्या माजाला हाच नर, पुन्हा फी नाही. तेव्हा नर आजारी असेल किंवा नसेलच, तर कोणी कोणाचं देणं नाही. आपापल्या तपासण्यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. आणि पिल्लांच्या नोंदणीच्या अर्जावर नराच्या मालकाची सही लागते, ती जन्मानंतर आठ दिवसांत द्यायची. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. दोघांत बिनसलं आणि सही अडली की शुद्ध जातीची पिल्लंही कागदाविना राहतात.

दिवस मोजू नका, प्रोजेस्टेरॉन मोजा

11 ऑक्टोबरला शेवंतीला रक्त दिसलं. त्याच दिवशी काकांना फोन केला. अंडी सुटण्याच्या सुमाराला रक्तात वाढणारा हार्मोन म्हणजे प्रोजेस्टेरॉन. सहाव्या दिवशी तो 0.4, दहाव्या दिवशी 0.7, तेराव्या दिवशी 1.1. फेब्रुवारीच्या हिशोबाने तेराव्या दिवशी आमचं सगळं आटोपलं होतं, आणि इथे अजून सुरुवातही नव्हती. सोळाव्या दिवशी 2.6 आलं. अठराव्या दिवशी, पाडव्याला, 5.8. पाचाच्या आसपास अंडी सुटतात. पण कुत्रीची अंडी सुटल्यावर लगेच फळत नाहीत, पक्व व्हायला दोन-तीन दिवस घेतात. म्हणून अंडी सुटल्यापासून दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी मेटिंग.

लॅबवाली म्हणून तीन गोष्टी सांगते. हा हार्मोन माणसात आणि कुत्र्यात एकच असतो, त्यामुळे माणसांच्या लॅबमध्येही मोजता येतो. फक्त नमुना कुत्रीचा आहे हे आधी सांगा. रक्त जेलच्या पिवळ्या टोपणाच्या नळीत नको, लाल टोपणाच्या साध्या नळीत घ्या. जेल हार्मोन शोषून घेतं आणि आकडा कमी दिसतो. आणि रिपोर्टवरचं एकक बघा. मी दिलेले आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचे आहेत. काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, तिथे 5 चे जवळजवळ 16 होतात. सगळ्या चाचण्या एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर करा.

मेटिंगचा दिवस

मादीने नराकडे जायचं असतं. स्वतःच्या अंगणात नर निर्धास्त असतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो, शेवंतीला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. अंगणातल्या गुळगुळीत फरशीवर काकांनी गोणपाट अंथरलं होतं, पाय सरकू नयेत म्हणून. आधी दहा मिनिटं पट्ट्यावरच एकमेकांना हुंगू दिलं. शेवंतीने शेपूट बाजूला करून धरली, तेव्हा काकांनी नराचा पट्टा सोडला.

गाठ पडल्यावर, म्हणजे दोघं एकमेकांत अडकल्यावर, नर वळतो आणि दोघं पाठीला पाठ लावून उभी राहतात. त्या वेळी मादी घाबरून ओढ घेऊ शकते, त्यात दोघांना इजा होते. मी शेवंतीचं डोकं मांडीवर घेऊन बसले, काकांनी नराला धरलं. घड्याळात 22 मिनिटं झाली. दहा ते तीस मिनिटं सहज लागतात. ओढायचं नाही, पाणी मारायचं नाही, बघ्यांची गर्दी नको. आपोआप सुटू द्या. 1 नोव्हेंबरला पुन्हा गेलो.

घरी आल्यावर आठवडाभर तिला एकटीला बाहेर सोडू नका. माज संपलेला नसतो, आणि भिंतीवरून उडी मारून आलेल्या दुसऱ्या कुत्र्याची पिल्लंही त्याच वेतात येऊ शकतात. आमच्या गच्चीचा दरवाजा त्या आठवड्यात कुलूपबंद होता.

चार आठवड्यांनी सोनोग्राफी, पंचावन्न दिवसांनंतर पिल्लं मोजायला एक्स-रे. पाडव्यापासून बरोबर 63 व्या दिवशी, 30 डिसेंबरला, सात पिल्लं झाली: चार काळी, तीन पिवळी.

त्याच रात्री काकांना फोनवर सगळं सांगितलं: किती, नर किती, माद्या किती, वजनं काय. तिसऱ्या आठवड्यात एका काळ्या पिल्लाच्या बेंबीशी छोटा हर्निया दिसला, तोही लगेच कळवला. काही जण हे लपवतात, नर बदनाम होईल म्हणून. काका तसे नाहीत. त्यांनी दुसरी निवड म्हणून एक काळी मादी नेली, आणि हर्नियाची नोंद नराच्या वहीत तारखेसकट केली. पुढे ज्या ज्या मादीचे मालक आले, त्यांना चहा देण्याआधी काकांनी ती वही उघडून दाखवली आहे.