व्हॅनचा कॉम्प्युटर बदलण्याआधीची तयारी

कॉम्प्युटर (इंजिनचं पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय असं मिस्त्रीनं सांगितलं, तरी त्या दिवशी तो विकत घ्यायचा नाही, ही पहिली तयारी. घरी या, वही काढा आणि गाडी नेमकं काय करते ते तारखेसह लिहा. गार असताना चालू होते का? तापल्यावर बंद पडते का? पाऊस झाला की त्रास देते का? बंद पडताना इंजिनचा चेक लाइट लागतो, की डॅशबोर्डवरचं सगळंच विझतं? आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात, उचगाव-बेळगुंदीपासून पुढं जांबोटी-कणकुंबीपर्यंत, जून ते सप्टेंबर गाडीत ओल मुरते. ओलीची बरीच दुखणी मग कॉम्प्युटरच्या नावावर जमा होतात.

आमची ओम्नी २००८ सालची. रताळ्याच्या हंगामात पोती भरून रोज मार्केट यार्डात जायची. एका पहाटे ती चढावर बंद पडली ती पडलीच. कॉम्प्युटर बदलला, गाडी सुरू झाली, घरात सगळ्यांना बरं वाटलं. चौथ्या दिवशी तोही गेला. पैसे दोनदा गेले आणि यार्डातले आठ दिवसही गेले. ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक लाइट लागला पाहिजे आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद घूं असा आवाज आला पाहिजे. दोन्ही नसेल, तर बहुतेक वेळा कॉम्प्युटरपर्यंत करंटच पोचलेला नसतो. फ्यूज बघा, मेन रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा. त्याच नंबरचा दुसरा रिले गाडीत असेल तर तात्पुरती अदलाबदल करून बघा. चेक लाइटचा बल्बच उडालेला नाही ना, हेही बघायचं राहून जातं.

मग मीटर घ्या. साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो, पण त्याचा सेल नवा घाला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावं. १५ च्या वर जात असेल तर हात आवरा, आधी अल्टरनेटर दुरुस्त करा. तो तसाच ठेवून नवा कॉम्प्युटर बसवला तर नवाही भाजेल. इंजिन चालत नसलेल्या गाडीत चार्जिंग मोजता येत नाही. तिथं गाडी बंद पडण्याआधी हेडलाइट रेस केल्यावर जास्तच पांढरे व्हायचे का, बल्ब वरचेवर उडायचे का, हे आठवून वहीत लिहा.

अर्थिंगवर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायच्या वाटेवर) मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आमच्याकडं निम्मा रोग तिथंच होता. आमचे वायरमन कन्नडमध्ये बोलतात, आम्ही मराठीत, आणि दोघांचंही सगळं दोघांना कळतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी इंजिनला हातही लावला नाही, वाकून बॉडीला येणारी जाड तार दाखवली आणि म्हणाले, “मोदलु अर्थ नोड्री.” आधी अर्थ बघा. बोल्ट बाहेरून स्वच्छ होता. खोलला तर लगाच्या (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली तपकिरी गंजाची पापडी, आणि तारेच्या टोकाला हिरवी पूड इतकी की बोट लावलं तर बोट हिरवं झालं. डोळ्यांनी ते कळलंच नसतं. मोजायची रीत अशी: कपलर (वायरींचा प्लग) कॉम्प्युटरला जोडलेलाच ठेवायचा, मीटरची लाल तार मागच्या बाजूनं बारीक टाचणीनं कॉम्प्युटरच्या अर्थच्या पिनेला लावायची, काळी सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. आमचा ०.९ आला. बोल्ट खोलून, जागा घासून, पेट्रोलियम जेली लावून परत आवळल्यावर ०.१ वर आला. हे काम अर्ध्या तासाचं आहे, म्हणून ते सगळ्यांच्या आधी करा.

कॉम्प्युटर मेल्यासारखा दिसतो पण मेलेला नसतो, असंही होतं. बऱ्याच सेन्सरना कॉम्प्युटर स्वतःच ५ व्होल्ट पुरवतो. थ्रॉटलचा सेन्सर, हवेच्या दाबाचा सेन्सर हे त्यातले. यातला एखादा आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर कुठं पत्र्याला घासली, तर तो ५ व्होल्टचा पुरवठा बसतो आणि सगळी गाडी बावचळते. म्हणून किल्ली ऑन ठेवून त्या वायरीवर मीटर लावा. ५ च्या ऐवजी शून्य किंवा एक-दीड दिसलं तर सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ परत येतात, तो गुन्हेगार. असा सेन्सर कॉम्प्युटरच्या मानानं बराच स्वस्त पडतो. कुठली वायर कुठली, याचा वायरिंगचा नकाशा आपल्या गाडीच्या वर्षाचा आणि मॉडेलचा मिळवून ठेवा. रंग अंदाजानं धरू नका.

कॉम्प्युटर खरंच जळला असेल, तर तो का जळला हे कळल्याशिवाय पुढं जायचं नाही. तो आपला आपण क्वचित जळतो. आमच्या ओम्नीला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणजे पेट्रोल फवारणारे तीन इंजेक्टर. किल्ली बंद करून, कपलर काढून मीटर ओहमवर लावला. पहिला १४, दुसरा १४, तिसरा ३. तिसऱ्या इंजेक्टरची आतली गुंडाळी शॉर्ट होती. त्यातून नको इतका करंट ओढला जात होता आणि कॉम्प्युटरच्या आत त्या इंजेक्टरला चालवणारा ट्रान्झिस्टर भाजत होता. पहिल्या कॉम्प्युटरचाही तसाच, दुसऱ्याचाही तसाच. इंजेक्टर तसाच ठेवून तिसरा कॉम्प्युटर बसवला असता तर तोही गेला असता. तेव्हा सगळे इंजेक्टर मोजा. या धाटणीच्या बहुतेक इंजेक्टरना १२ ते १६ ओहम येतात, आणि मुख्य म्हणजे सगळे एकमेकांच्या जवळपास यायला पाहिजेत. इग्निशन कॉइल, आयडलचा (रेस न देता इंजिन फिरण्याचा) व्हॉल्व्ह, पंपाचा रिले यांच्या गुंडाळ्याही तशाच मोजा आणि आकडे वहीत लिहा.

कारण शोधताना घरच्यांना आणि ड्रायव्हरला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. गाडीला कुणी उलटी बॅटरी लावली होती का, किंवा दुसऱ्या गाडीवरून केबल लावून चालू करताना तारा चुकल्या होत्या का? आणि अलीकडं वेल्डिंग झालंय का? आमच्या भागातला पाऊस व्हॅनचा खालचा पत्रा खातोच, त्यामुळं पट्टी मारून वेल्डिंग करणं नेहमीचं. ते करताना बॅटरीच्या तारा काढल्या नाहीत तर कॉम्प्युटरवर बेतू शकतं. यात कुणाला दोष द्यायचा नाही, पण खरं उत्तर मिळालं पाहिजे.

गाडीला मागाहून गॅस किट बसवलेलं असेल तर तिकडं आवर्जून बघा. गॅसवर चालताना इंजेक्टर बंद ठेवायला किटवाले इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये इम्युलेटर (इंजेक्टर चालूच आहेत असं कॉम्प्युटरला भासवणारा डबा) जोडतात. तो जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला असतो. टेपचा डिंक उन्हानं वितळतो, पावसात आत पाणी जातं. कॉम्प्युटर बदलण्याआधी ते सगळे जोड उघडून सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवा. शक्य असेल तर इम्युलेटर काढून वायरी मूळ होत्या तशा जोडून गाडी आधी नुसत्या पेट्रोलवर चालते का ते बघा.

आता खरेदी. कॉम्प्युटरचा जुना डबा काढून त्याच्यावरच्या लेबलचा स्वच्छ फोटो घ्या, नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वहीत उतरवा. सुझुकीच्या घराण्यातल्या डब्यांचा नंबर बहुधा ३३९२० नं सुरू होतो, पण त्याच्या पुढचे आकडेच महत्त्वाचे. कपलर तसाच बसतो म्हणजे डबा तोच, असं नाही. ओम्नीचा ईकोला चालत नाही, ईकोचं इंजिन सुमारे १२०० सीसीचं, चार सिलिंडरचं. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये चिप असेल तर कॉम्प्युटर, इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) डबा आणि किल्ली यांची एकमेकांशी ओळख बांधलेली असते. तिथं भंगारातला नुसता डबा आणून गाडी सुरू होणार नाही. तिन्ही एकाच गाडीचे घ्या, नाहीतर जुन्यातला डेटा नव्यात उतरवून देणारा माणूस आधी ठरवा आणि मगच पैसे द्या. इलेक्ट्रिकल माल परत घेत नाहीत, म्हणून लावून बघायला किती दिवस देणार हे बिलावर लिहून घ्या. बिलावर डब्याचा पूर्ण नंबर आणि तुमच्या गाडीचा नंबरही हवा. हुबळीहून किंवा कोल्हापूरहून मागवत असाल तर हे जास्तच गरजेचं, कारण तेवढं परत जाणं कुणाला जमत नाही. आणि नवा बसून चालेपर्यंत जुना डबा कुणाला देऊ नका. आतला एखादा कपॅसिटर किंवा ट्रान्झिस्टर बदलून तो दुरुस्त होण्यासारखाही असतो.

कामाचा दिवस कोरडा निवडा. बाहेर पाऊस असेल तर काम उद्यावर टाका. बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून ठेवा. जवळ दहा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, चांगली बॅटरी (हातातली, उजेडाची), कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना मऊ टूथब्रश, टेप आणि फोन एवढं असू द्या. बल्बवाला टेस्ट लॅम्प कॉम्प्युटरच्या पिनांना लावू नका, तो जास्त करंट ओढतो. आधी फोटो काढा, मग हात लावा. किल्ली काढून खिशात ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, दहा मिनिटं थांबा. नायलॉनचा शर्ट किंवा स्वेटर घालू नका, आणि डबा धरण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. डबा कडांना धरा, पिनांना बोट लागू देऊ नका. कपलर वायरीला धरून ओढायचा नाही, त्याचा लॉक सोडवून सरळ काढायचा. आतल्या पिना बॅटरीच्या उजेडात एकेक बघा, वाकलेली किंवा हिरवी असेल तर क्लीनर आणि ब्रशनं साफ करा. पॉलिश पेपर मारू नका, पिनेवरचा मुलामा जातो. नवा डबा त्याच्या जागी स्क्रूनं घट्ट बसवा. सीटखाली लोंबकळत ठेवला तर सर्व्हिसिंगच्या पाइपाचं पाणी कधीतरी त्याच्यात जाणारच.

सगळं जोडून निगेटिव्ह तार शेवटी लावा. किल्ली ऑन, चेक लाइट, पंपाचा आवाज, आणि मग सेल्फ. पहिल्यांदा रेस नीट राहणार नाही, त्याला घाबरू नका. एसी, हेडलाइट बंद ठेवून रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत गाडी नुसती उभी चालू द्या, तोवर कॉम्प्युटर आयडल शिकतो. स्कॅनर लागत असेल तर जुने कोड (कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे नंबर) पुसून घ्या. पी०६०१ किंवा पी०६०६ परत आला तर डब्यातच खोट आहे. पी०३३५ आला तर क्रँकच्या सेन्सरकडं जा. गाडी चालली की चार्जिंग पुन्हा मोजा, अर्थ पुन्हा मोजा, आकडे त्याच वहीत.

पहिले आठ दिवस चोर्ला घाटात किंवा रात्रीच्या लांब फेरीला गाडी घालू नका, यार्डापर्यंत आणि परत एवढीच ठेवा. जुन्या डब्यावर पांढरी टेप लावून तारीख, किलोमीटर आणि जळण्याचं कारण लिहा, आणि तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात कोरड्या जागी ठेवा.